घराच्या मते घरी कोणी नाही

३ फेब्रुवारी
सकाळी नऊला वायरमन आला. दिवे, पंखे, गीझर, किटली, पडदे आणि पुढचे दार मोबाइलला जोडून, खोलीखोलीत हालचाल टिपणारे सेन्सर लावून तीनला गेला. चहा घेतला नाही. मी सकाळचेच गरम करून जेवलो.
ही जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून सगळे मला तळहाताच्या फोडासारखे जपतात. लेक फोनवर म्हणाली, बाबा, महिनाभर एकट्याने नीट राहून दाखवा, मग मी गप्प बसेन. नाहीतर घराला कुलूप, आणि आमच्याकडे चलायचं. म्हटले, बघच तू. तीस वर्षे विजेचे मीटर तपासले आहेत, वायरीला मी भीत नाही. घरातले सगळे तिच्याही मोबाइलवर दिसणार आहे. दिसू दे.

४ फेब्रुवारी
यंत्रणा चौदा दिवस नुसती बघते. कोण कधी उठते, काय लावते. मग तेच आपले आपण करते. वायरमन म्हणाला, काका, वेगळं काही करू नका, रोज वागता तसंच वागा. त्याला सांगायला काय जाते! माझे सध्याचे वागणे कुणाला शिकवण्यालायक नाही. घराला चांगले वळण लागले पाहिजे.
निर्धार: पाच चाळीसला उठणे.

५ फेब्रुवारी
उठलो. स्वयंपाकघरातला दिवा पाच चाळीस, किटली सहा दहा. (सातला परत झोपलो. ते धरू नये.) सव्वा अकराला मागच्या खोलीतला पंखा, अर्धा तास. तिथे मला काम नव्हते. शिलाई मशीनजवळ उभा राहिलो. चारला गॅलरीचा पडदा.

९ फेब्रुवारी
पाय दुखतात. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारले, भावोजी, काही हरवलंय का? म्हटले, नाही, घराला शिकवतोय. त्यांनी खिडकी लावून घेतली.

१२ फेब्रुवारी
अंगात कणकण. उठवेना. पण खाडा परवडणार नाही. टेबलफॅनला टॉवेल बांधून मागच्या खोलीत ठेवला. हालचाल दिसली की यंत्रणेचे समाधान होते. नोकरीत असल्या लबाड्या मी लांबूनच ओळखत असे. ही लबाडी नाही, व्यवस्था आहे.

१८ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
आजपासून घर आपले आपण चालते! पाच चाळीसला स्वयंपाकघरात दिवा लागला. मी अंथरुणातच होतो. सहा दहाला किटली उकळली. आता मागच्या खोलीत पंखा फिरतो आहे, त्याच्या वाऱ्याने टेबलफॅनवरचा टॉवेलही हलतो आहे. ऐकत बसलो आहे. छान चालले आहे.

त्याच दिवशी, दुपारी
मोबाइलवर आले: घरात दोन व्यक्ती. लगेच लेकीचा फोन. बाबा, कोण आलंय? कोणी नाही. मग दुसरं कोण? म्हटले, यंत्राची चूक. जावई मागून म्हणाले, अगं, सासरेबुवांना चोरून पाहुणा ठेवायचा असेल. ती हसली नाही.

२१ फेब्रुवारी
किरकोळ अडचण. मी खुर्चीत वाचत बसलो की पंधरा मिनिटांनी दिवा जातो. यंत्रणेला मी दिसत नाही. वायरमन म्हणाला, काका, तुम्ही फार गप्प बसता. हा दोष आजवर बाहेरच्या कोणी काढला नव्हता.
निर्धार: दर दहा मिनिटांनी हात वर करणे.

२४ फेब्रुवारी
निर्धार पाळला. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ उलट हात करतात. स्वभावाने चांगले वाटतात.

२७ फेब्रुवारी
दुपारी खुर्चीत डोळा लागला. जाग आली तर अंधार. पडदे ओढलेले, दाराला कुलूप. लेकीला संदेश गेलेला: घरी कोणी नाही. तिने सात फोन केले. माझा मोबाइल आत चार्जिंगला. शेवटी तिने वहिनींना धाडले. त्या बाहेरून दार बडवत होत्या, भावोजी, अहो भावोजी! आत माणूसच नाही अशी दाराची खात्री, त्यामुळे ते आतूनही उघडेना. वायरमन यायला तास लागला. तोवर आम्ही दाराच्या दोन बाजूंनी बोललो. त्यांनी विचारले, जेवलात का? म्हटले, हो. म्हणाल्या, काय जेवलात? म्हटले, वायरमन कुठवर आला बघा.
सांगायला हरकत नाही की कुलूप उत्तम आहे.

१ मार्च
लेक आली. मी चहा टाकला, घर दाखवले. सव्वा अकराला मागच्या खोलीत पंखा सुरू झाला. ती बघायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली ती मोबाइलमधल्या वेळा मोठ्याने वाचत. पाच चाळीस. सहा दहा. सव्वा अकरा. चार. मग म्हणाली, बाबा, ह्या सगळ्या आईच्या वेळा आहेत.
म्हटले, चांगली सवय कुणाची का असेना.
म्हणाली, पण ह्यात तुमचं काय आहे? तुम्ही कधी उठता, कधी जेवता, काहीच नाही. ह्या घराला आई आहे असं वाटतं आणि तुम्ही नाही.
रागावली असती तर उत्तर तयार होते. रागावली नाही. दोघांनी मिळून मोबाइलमध्ये शोधले. माझी एकही वेळ सापडली नाही.
मीच म्हटले, पंधरा दिवस येतो तुझ्याकडे. यंत्रणा दुरुस्त होईपर्यंत. पंधराच. ती म्हणाली, हो बाबा, पंधराच.

२ मार्च, सकाळी ८
लेक रिक्षा आणायला खाली गेली आहे. बॅग भरून झाली. पलंगावरची चादर तेवढी राहिली होती. डबलची आहे. दोन टोके हातांत घेतली, तर उरलेली दोन जमिनीवर. मग मधली कड हनुवटीखाली धरून पाहिली. निसटली. तिसऱ्या खेपेला घडी झाली. वाकडी आहे. कपाटात ठेवली.