मनीच्या दुपट्याची नीळ

कार्तिक व. ४, शके १८१५. खालापूर.

लेकीची, रखमाची साटीन आज पेटीतून काढली. जावईबापूंनी मुंबईहून तिला आणून दिलेली. विलायती, आहे सुतीच, पण रेशमासारखी हातातून निसटते. बाळंतपणाला कर्जतहून आली तेव्हा घडी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली होती, "दादा, बाळाच्या दुपट्यावर कोयरी छापा. बारीक."

जन्माआधी लेकराचं कापड करू नये म्हणून ठेवून दिली. श्रावणात मनी झाली आणि पाचवीच्या दिवशी रखमा गेली. सगळ्या रीतीभाती पाळून बसलो आणि लेकीनं एक कोयरी पाहिली नाही.

जावईबापूंचं माघात दुसरं लग्न ठरलंय. ते झालं की मनीला नेणार, असा त्यांच्या आईचा निरोप आहे. नेताना दुपटं अंगावर हवं. दुसरं काही आपल्या हातात नाही.

कार्तिक व. ६

कडेचे तुकडे कापून बघतोय. जन्मभर ठाकरणींची लुगडी छापली, मांजरपाट छापलं, या साटिणीनं मात्र अक्कल काढली. ठसा टेकवला की सरकतो. रंग गुळगुळीत धाग्याधाग्यानं पळतो, कोयरीला मिशा फुटतात.

मग खडी. डिंकात अभ्रकाची पूड कालवून वरच्या वर ठसा. वाळल्यावर छान दिसली. घडी घातली, तडकली. शिवाय मनी हाताला लागेल ते तोंडात घालते. खडी रद्द.

कार्तिक व. ९

लाल करून पाहिला. तुरटीचा ठसा मारायचा आणि आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या पाण्यात कापड उकळायचं. हा आमचा घरचा रंग, कापड फाटेल पण उतरणार नाही. रंग सुरेख आला. तकाकी गेली. लाकडी मोगरीनं कुटून पाहिलं, जराशी परत आली, एका धुण्यात पुन्हा गायब.

यशोदेनं तुकडा गालाला लावला. "हे तिचं कापड नाय," म्हणाली आणि आत गेली. श्रावणापासून बायको माझ्याशी एवढंच बोलते. मनीशी मात्र दिवसभर बोलते, शेळीचं दूध बोळ्यानं पाजताना तर अखंड.

कार्तिक व. १२

अण्णा, माझा थोरला भाऊ. निळीचा रांजण त्याचा, त्याला दुसऱ्या कुणी काठी लावायची नाही. आज माझे सगळे बिघडलेले तुकडे बघून हसला.

"उकळलं की मरतंय ना? मग उकळू नको रं. चिखलाचा ठसा मार, माझ्या थंड निळीत बुडवू."

चिखलात डिंक आणि चुना. चिखल बसेल तिथं नीळ शिरत नाही. नंतर पाताळगंगेच्या थंड पाण्यात धुतला की निघतो. विस्तव कुठंच नाही. दाट चिखल सरकतही नाही.

पांढरी कोयरी, भोवती निळं, आणि तकाकी जशीच्या तशी.

"बोल की, जमलं म्हण!" अण्णा म्हणाला. मला दहा वर्षांची रखमा ठसे धुवायला बसायची ते आठवलं.

यशोदा म्हणाली, "लेकराला काळंनिळं?" मग आपलंच उत्तर, "संक्रांतीला बोरन्हाणात काळं चालतं. चालंल हे."

ठरलं. नीळ.

मार्गशीर्ष शु. २

पुरं कापड छापून उन्हात टाकलं. मनी आज पालथी पडली. सगळ्यांना हाका मारून यशोदेनं दाखवलं. घरात हसण्याचा आवाज किती महिन्यांनी...

मार्गशीर्ष शु. ५

नीळ नासली. रांजणावरचा फेस गेला, पाणी राखी, वास घाण. थंडीनं असेल. अण्णानं गूळ घातला, चुना घातला. तुकडा बुडवला तर मळक्या धोतराचा रंग.

चिखल फार दिवस राहिला की तडकतो. कापड वाळून तयार आणि रांजण मेलेला.

आता आमच्या धंद्यातला जुना उपाय. नीळ नासली की एक खोटी बातमी सोडायची. ती जितकी लांब जाईल, लोक जितकी खरी मानतील, तितकी नीळ लवकर सुधारते. आमचा बापही करायचा. मी चार इयत्ता शिकलो, मला पटत नाही. पण अण्णाला अडवावं असंही कधी वाटलं नाही.

मार्गशीर्ष शु. ७

अण्णानं चौकात सोडून दिलं की माथेरानावर साहेबाचं घोडं इंग्रजीत पाणी मागतं. लोक पोट धरून हसले. "काय अण्णा, नीळ नासली वाटतं!" सगळ्या गावाला ठाऊक. अण्णा हिरमुसला. म्हणे, पूर्वीची माणसं भली होती, विश्वास ठेवायची.

चिखलाला बारीक रेघा पडू लागल्यात.

मार्गशीर्ष शु. १०

नीळ आली! सकाळी रांजणावर तांब्यासारखा तवंग. अण्णा मोठ्यानं ओरडला. घोड्यानंच काम केलं म्हणतो.

दुपटं तीनदा बुडवलं. बाहेर काढताना हिरवं, वाऱ्यानं बघता बघता निळं. नदीवर चिखल धुतला. तडे गेले होते तिथं कोयरीत निळ्या शिरा उतरल्यात, आंब्याच्या पानाच्या असतात तशा. बाकी कुठं डाग नाही. उन्हात धरलं तर झळकतंय. घरी आणून मनीखाली अंथरलं. ती त्यावर मुतली. यशोदा पुन्हा हसली.

मार्गशीर्ष शु. ११

घोड्यानं काही केलेलं नाही.

नदीवर एका बाईनं मला थांबवून डोळे पुसले. "बरं झालं हो, जावयानं पोर तुमच्या पदरात घातली. रखमाचं एवढं तरी तुमाला ऱ्हायलं." मी खोदून विचारलं. ही गोष्ट यशोदेनं धुण्यावर सांगितली होती. मनीला कर्जतची माणसं नेणार नाहीत, ती आता कायमची आमची. सगळ्यांना लगेच खरं वाटलं.

घरी येऊन विचारलं, "असं कशाला बोललीस?"

"नीळ नासली व्हती ना?"

मग मनीला थोपटता थोपटता, "एकदा तोंडानं म्हणून बघायचं व्हतं. कसं वाटतं ते."

मला रागावता आलं नाही. आता बातमी वेशीच्या आत राहू दे.

मार्गशीर्ष व. ३

जावईबापू आले. एकटे, बैलगाडीनं. ओटीवर बसले, पाण्याला हात लावला नाही.

"मामा, कोण बोललं हे?"

सांगू लागले. होणाऱ्या सासऱ्यांना घरात पहिलीचं मूल नको होतं. म्हणून मनी इथंच राहावी हे ते स्वतःच महिनाभर आईच्या गळी उतरवत होते. आई तयार झाली होती. संक्रांतीला येऊन आम्हाला सांगणार होते. पण कर्जतच्या बाजारात कुणीतरी आईला विचारलं, नात देऊन टाकली म्हणे? तेव्हापासून तिचा एकच धोशा, आमच्या घरचं मूल आम्ही टाकलं असं जगानं म्हणायचं? आत्ताच्या आत्ता घेऊन ये.

यशोदा दारात उभी होती. "मीच बोलले," म्हणाली.

जावईबापू तिच्याकडून मनीकडे वळले. मनीखालचं दुपटं त्यांना दिसलं. कापड ओळखलं, बोटानं कोयरी चाचपली आणि तोंड फिरवून बसले. त्या माणसाचाही मला राग येईना. कुणाचा तरी आला असता तर बरं होतं.

यशोदेनं मनीला दुपट्यात गुंडाळून दिलं. मग गोठ्यात गेली आणि शेळी सोडून गाडीच्या मागं बांधली. "दुसरीचं पीत नाय ती." शेळी वळणापर्यंत ओरडत गेली.

पौष शु. ८

संक्रांत झाली. तीळगूळ केला नाही.

कर्जतहून आलेल्या गाडीवानाबरोबर जावईबापूंचा निरोप. मनी रात्रंदिवस रडते, सुकली आहे. आईलाही झेपत नाही, पण लोक बोलतात तोवर ती परत पाठवणार नाही. बोलणं विरलं की ते स्वतः आणून सोडतील. त्याआधी आमच्यापैकी कुणी त्यांच्या दारात गेलं, तर आई हट्टाला पेटेल आणि मग काही उपाय नाही.

म्हणजे लोकांनी विसरायची वाट बघायची. अण्णा म्हणाला, दुसरी बातमी सोडू, पहिली मरेल. यशोदेनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून रांजणाकडे गेला.

पौष व. १

रोज मी बाहेरून आलो की यशोदा एकच विचारते. "बोलतात का अजून?" मी म्हणतो, "बोलतात." ती ताट सरकवते. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्यात. माझी लेक गेली, नात गेली, आता ही डोळ्यांदेखत चालली आहे.

पौष व. ५

खोपोलीच्या बाजारात गेलो होतो. साटिणीची गोष्ट तिथंही पोचली आहे, दोघांनी तसलं कापड छापून मागितलं. तिसऱ्यानं विचारलं, "तीच ना रं, जावयानं टाकलेल्या नातीची?" मी ठसे गोळा केले आणि निघालो.

घरी आलो. यशोदा उंबऱ्यावर. "बोलतात का अजून?"

"नाही," म्हणालो. "कुणी नावसुद्धा काढत नाही."

ती घटकाभर माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, केस बांधले, सकाळची भाकरी माझ्यासमोर बसून सगळी खाल्ली.

"उद्या कर्जतला जायचं. गाडी सांगून या."

अण्णा काही बोलणार होता, मी मान हलवून त्याला अडवलं.

गाडी सांगून आलो आहे.