माझा न दुखणारा गुडघा

१४ जून, शनिवार. फ्रीमाँट

पहाटे सहाला घराजवळचा मिशन पीक डोंगर. वर जाऊन खाली, चार तास दहा मिनिटं. मागच्या शनिवारपेक्षा पंधरा मिनिटं कमी. मार्चपासूनची सतरावी वेळ. शरद नवरा असून एकदाही आला नाही. "राजगड तीनदा केलाय मी," म्हणे. कॉलेजात असताना. आता एकोणसत्तरावं चालू आहे आणि मुक्काम सोफ्यावर. दोन आठवड्यांनी नॉर्वे. फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली खाडी, तिच्यावरचा डोंगर चढायचा, माथ्यावरून चालत पलीकडच्या गावात उतरायचं, तिथून फेरीबोटीने परत. नऊ तास. नवे बूट निदान घरात घालून फिर म्हटलं, तर, "तू तुझं बघ." बघतेच आहे.

२८ जून, शनिवार. नॉर्वे

रागाने अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

साडेसातला चढायला लागलो. आम्ही आठ जण, लीडर अर्थात आमच्या फ्रीमाँटच्या ग्रुपमधला मंदार. दगडांवर वाटेची खूण म्हणून लाल रंगाने इंग्रजी टी काढलेले, ते बघत जायचं. झाडं संपली, मग नुसता खडक, सावलीत बर्फाचे तुकडे. एक सत्तरीची बाई कुत्रा घेऊन आमच्या पुढे निघून गेली. मला दम नव्हता लागला. सतरा वेळांचं चीज झालं असं मनात म्हटलं, तेही लिहून ठेवते.

मग माथ्यावरची धार. चार-पाच फूट रुंद. डावीकडे खाली फ्योर्ड, हिरवंगार पाणी, त्यात आमची संध्याकाळची फेरीबोट नखाएवढी. बाकीचे गेले पुढे. मी पाऊल टाकणार, तर मागून शरद, अगदी हळू, "मला नाही जमायचं." वळून पाहिलं. खाली बसला होता, दोन्ही हातांनी दगड धरून. चेहरा पांढरा.

मंदार पुढून ओरडला, "काका, काकू, ऑल ओके?"

आणि मी काय म्हणाले? "अरे, माझा गुडघा धरलाय. तुम्ही व्हा पुढे, आम्ही परततो."

कोणी सांगितलं होतं मला? पाहुण्यांसमोर 'माझं जेवण झालंय' म्हणावं तसं तोंडातून गेलं. मंदारला बिचाऱ्याला वाईट वाटलं. शरदने मान खाली घातली. हाताला धरून त्याला खाली आणला. तीन तास. मग बसने हॉटेल. खिडकीतून डोंगर दिसतोय. मी खिडकीकडे पाठ करून बसलेय.

बाकीचे सहाला आले. चेहरे नुसते फुललेले. म्हणाले, धारेनंतरचा भाग तर काय सांगू. सांगू नका.

६ जुलै, रविवार. फ्रीमाँट

मंदारकडे पॉटलक, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. मी मसालेभात नेला. शरद फोटो दाखवत होता, माणसं भोवती. "फ्योर्डच्या अगदी वर उभे होतो. आणि हिचा गुडघा. मी गेलो असतो रे, पण हिला एकटी कशी सोडणार?"

मी भात वाढत होते. डाव हातात तसाच राहिला.

मंदारची बायको म्हणाली, "काकू, यू आर सो लकी. काका किती काळजी घेतात."

मी हसले. चक्क हसले. माझ्या हसण्याचा राग शरदच्या बोलण्यापेक्षा जास्त येतोय की कमी, ठरत नाही.

१० जुलै, गुरुवार

केतकीचा शिकागोहून फोन. "आई, डॅड सेज युवर नी इज बॅड. प्लीज गेट अ स्कॅन." गुडघा ठणठणीत आहे म्हटलं. "यू ऑल्वेज से दॅट." पोटची पोर.

दुपारी पार्सल आलं. गुडघ्याला बांधायचा पट्टा. शरदने मागवला, माझ्यासाठी. मापसुद्धा बरोबर. वर म्हणतो, "चालताना घालत जा."

"तुला खरंच वाटतं माझा गुडघा दुखत होता?"

"तूच म्हणालीस ना."

पट्टा खोक्यात परत ठेवला. मीच म्हणाले.

१५ जुलै, मंगळवार

मंदारचा मेसेज. सप्टेंबरात टाहोच्या बाजूला हाइक. दोन ग्रुप. लॉंगवाले वर जाणार, ईझीवाले तळ्याभोवती फिरून पिकनिक. 'काकूंना ईझीमध्ये टाकतोय, गुडघा लक्षात घेऊन.' आणि शरद? लॉंगमध्ये. त्याखाली ह्याने अंगठा टाकलाय.

भडकले. भांडी आपटली, लपवत नाही. म्हटलं, रविवारपर्यंत तू मंदारला खरं सांग.

"चारचौघांत माझी शोभा करायची आहे का तुला?"

"तुझी होऊ नये म्हणून तर माझी झाली."

त्याने रिमोट उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं मी आता पडणार. खरंच वाटलं."

"मग तेवढंच सांग ना."

टीव्ही लावला. क्षणभर त्याची दया आली होती, ती टीव्हीच्या आवाजात गेली.

२० जुलै, रविवार

दुपारपर्यंत काही नाही. पेपर, चहा, डुलकी.

चारला मंदारचा फोन, मलाच. टेबलावर स्पीकर लावला. समोर शरद. "काकू, बुकिंग करतोय, तुमचं ईझीच ठेवू ना?"

"लॉंगमध्ये घाल. माझ्या गुडघ्याला तेव्हाही काही झालं नव्हतं."

"आँ? मग तेव्हा परत का गेलात?"

शरद माझ्याकडे बघत होता. धारेवर बघत होता तसाच. पुन्हा तोंडाशी आलं होतं काहीतरी, चक्कर आली, बूट चावत होते, काहीही. ओठ दाबून धरले.

"ते काकांना विचार," म्हटलं. फोन त्याच्यापुढे सरकवला आणि बाहेर पडले. पायात घरातल्याच चपला. तशाच कोपऱ्यापर्यंत गेले, मग पुढेही.

परत आले तर फोन संपला होता. काय बोलला, त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. साडेसहाला मंदारची यादी आली. लॉंगमध्ये माझं नाव. लॉंगमध्ये शरदचंही. म्हणजे काय सांगितलं याने?

ह्या वेळी हा मध्येच बसला तर मी परतणार नाही. पुढे जाईन. लिहून ठेवतेय. लिहायला काय, घरात बसून लिहितेय.