बारा नावं, वीस गुंठे

७ जानेवारी, बुधवार
मी शाळेतून येते न येते तोच घरमालक दारात. घर विकायचंय, मार्चअखेर खाली करा. माणूस भला, आवाजसुद्धा चढवला नाही. अकरा वर्षं भाडं दिलं, म्हणून आधी आम्हालाच विचारलं, घेता का म्हणून. किंमत ऐकून हे नुसते हसले. दोघांचे पगार, माझा शाळेचा नि ह्यांचा बियाण्याच्या कंपनीतला. तरी भोकरदनसारख्या गावात चार भिंती परवडत नाहीत.

११ जानेवारी, रविवार
प्लॉट पाहून आलो. सिल्लोडकडच्या रस्त्याला. चाळीस प्लॉटांचे दगड, घरं फक्त दोन. मी म्हटलं, एवढे शिल्लक आहेत तर भाव का असा? दलाल म्हणाला, "शिल्लक कुठं म्याडम, सगळे विकले. हा तर चौथ्या हातात हाय." म्हणजे विटेला वीट लागायच्या आधीच तीन जण मधल्या मध्ये कमावून गेले. कोणी संभाजीनगरचा, कोणी जालन्याचा. राहायला कोणीच येणार नाही.
वर अर्धी रक्कम रोख पाहिजे, कागदावर न दाखवता. बँक कर्ज देते कागद पाहून. मग उरलेलं पगारदारानं आणायचं कुठून?
"आमच्याकडं बिनकागदाचा पैसा नाही," म्हटलं आणि उठले. मोटरसायकलवर ह्यांनी वेग वाढवला. मला वाटलं रागावले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "बराबर बोललीस."

१४ जानेवारी, बुधवार
तिळगुळाला शेख सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स, मागच्या गल्लीत भाड्यानं. त्यांचंही तेच, तीन वर्षांत दोन घरं बदलली. म्हणाल्या, "आपण एकेकटे जातो म्हणून असं होतंय. मिळून जमीनच घेऊ. संस्था काढू."
मी हसण्यावारी नेलं. त्यांनी नाही नेलं.

१८ जानेवारी, रविवार
चार दिवसांत बारा नावं! माझ्यासकट पाच शिक्षक, सिस्टर, एसटीचे ड्रायव्हर गायकवाड, पोस्टातले दोघं, वगैरे. सगळे भाडेकरू. यादी घेऊन पिंपळगावला माहेरी गेले. भोकरदनच्या शिवारात आजोबांनी घेतलेली वीस गुंठे जमीन रस्त्याला लागून आहे. तीच मागायची होती.
वडील, म्हणजे नाना, खळ्यावर तुरीच्या ढिगापाशी. माझा धाकटा भाऊ भगवानही तिथंच. कळलं, दलाल आधीच येऊन गेल्ता, मोठा आकडा बोलून. नानांनी यादी वाचायला लावली. प्रत्येकाचं विचारलं: काय करतो, लेकरं किती. गायकवाडांच्या नावाला म्हणाले, "ह्याच्या गाडीत मी कितीदा बसलो असंन."
मग म्हणाले, "त्या प्लॉटिंगात रातच्याला एक दिवा न्हाई दिसत. पिकती जमीन मोडायची आन ओसाड ठेवायची, हे न्हाई पटत मला."
भगवान ताडकन उठला. "तुमच्या मास्तरांसाठी मी नुकसान सोसू का? ताई, तू हिस्सा मागायला आल्तीस ना?"
लागलं. पण आवाज हलू दिला नाही. "हिस्सा माझा आहेच. मागायला न्हाई आले. विकत घ्यायला आले."
नानांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "बैठक ठेव, मी येतो."

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदनानंतर सातवीच्या वर्गात बैठक. नाना एकटेच एसटीनं आले, धुवट धोतर, डोक्याला पटका. पोरांच्या बाकावर बसले. भाव सांगितला. शेतीच्या भावापेक्षा जास्त, दलालाच्या भावापेक्षा पुष्कळ कमी. सगळा चेकनं. अटी दोन. तीन वर्षांत घर बांधून राहायचं. विकायचं झालं तर संस्थेलाच, घेतलं त्या भावाच्या आसपास.
मग गायकवाड उभे राहिले, मग सगळेच. नाना गोंधळले. त्यांना वाटलं, बैठक संपली, तर तेही उठले.
सिस्टरनी चहा दिला. नाना मला म्हणाले, "तुझं घर कोण्या बाजूला पाह्यजे, बाई?"
"सकाळचं ऊन येईल तिकडं."
या वर्गात मी सोळा वर्षं शिकवते आहे. आज पहिल्यांदा वाटलं, प्रत्येकाला धरून सांगावं, हा माझा बाप आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
भगवान फोन उचलत नाही. सातबाऱ्यावर नाना, तो आणि मी, तिघांचीही नावं. त्याच्या सहीशिवाय काही होत नाही. दलालानं आकडा वाढवलाय म्हणे. घरमालकानं विचारलं, "सापडलं का घर?" काय सांगू...
नानांना म्हटलं, तुम्ही जरा दाबून बोला की त्याला. "न्हाई. त्याचीबी जमीन हाय ती. जबरदस्तीनं दिली तर मंग काय दिली?"
मी चिडले आधी. नंतर अभिमानच वाटला.

१४ फेब्रुवारी, शनिवार
शाळा सकाळची. घरी आले तर भगवान पायरीवर. पाणी प्याला, चहाला नको म्हणाला. संस्थेचे नियम मागितले, दोनदा वाचले.
"यात नोकरीवालेच घेता का?"
"न्हाई. ज्याला घर नाही, तो."
मग बोलला. त्याची लेक मनीषा आणि जावई जालन्यात भाड्यानं. जावई दुकानात मॅनेजर. लेकरू झाल्यावर मालकानं खोली सोडायला सांगितली. "मी तिथं प्लॉट पाहायला गेल्तो ताई. दलालाचा आकडा पुरा मिळाला आसं धरलं, तरी माझ्या वाट्यात तिचं घर होत न्हाई. जमीन बी जाईल आन..." माझ्याकडं बघेना. "जावयाला भोकरदनला काम लागू शकतं. तेरावं नाव चालंल का?"
नकाशात बारा प्लॉट बसवलेत, तेही ओढूनताणून. मी एकटी हो कशी म्हणू? तसंच सांगितलं, बैठकीत विचारते.
"विचार. मंग बघू सहीचं." कागद घडी करून खिशात घातला. दारातून वळून म्हणाला, "त्या दिवशी मी लई बोललो."
"मीही बोललेच की."
गेल्यावर सिस्टरना फोन केला. तेरा बसवायचे तर सगळ्यांच्याच अंगणातून थोडं थोडं कापावं लागेल, म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझ्या अंगणापासून मोजायला सुरू करा."
बाकी दहा जण उद्या बोलतील.