माझं बिनवजनाचं मत

११ मार्च, मंगळवार

मुकादमाचं पत्र आलं. आवृत्त्या काढणाऱ्या मंडळाच्या प्रमुखाला मी मुकादम म्हणते. ‘नवी आवृत्ती तयार आहे. बहात्तर तासांत मत द्या.’ आवृत्ती म्हणजे आमच्या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरची. कुणीही फुकट घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं असं ते. मंडळातल्या तिघांनी +१, म्हणजे होकार दिला, की आवृत्ती जगासाठी खुली. मी मंडळात नाही. माझं मत नोंदवतात, पण त्याला वजन नाही. निवृत्तीपासून तेरा वर्षं या मंडळाच्या चुका शोधून देतेय — तरी नाही!

पत्रानंतर चार मिनिटांत ‘घुबड’ नावाच्या मंडळकऱ्याचा +१. चार मिनिटांत माझा लॅपटॉप जागासुद्धा होत नाही.

१२ मार्च

मत देण्याआधी चालवून पाहायची, या नियमाप्रमाणे प्रत उतरवून घेतली. आमच्या जुन्या ग्रंथालयाच्या यादीची माझ्याकडची नक्कल तिच्यात भरली. एकेक खिडकी उघडून पाहिली. वारलेल्या सभासदाचं खातं बंद केलं, की त्यानं भेट दिलेल्या पुस्तकांवरचं देणगीदाराचं नाव पुसलं जातं!

चाचणीला मी ह्यांचंच खातं घेतलं होतं. दोनशे बारा पुस्तकं. देणगीदार — कोरं. पुन्हा पाहिलं. कोरं.

उठून दाराची कडी लावून आले. सकाळी अकराला. कशाला, कोण जाणे.

माझ्या जागी आलेली ग्रंथपाल नवी आवृत्ती निघाली, की त्याच दिवशी बसवते. आणि महिनाअखेरीला ती वारलेल्यांची खाती बंद करणार आहे. मग ह्यांचं नाव कुठेच उरणार नाही.

−१ टाकला. कारण लिहिलं, पायरी-पायरीनं.

१३ मार्च

‘कासवा’चाही +१! नावाला तरी जागायचं होतं.

मुकादमाचं उत्तर : ‘काकू, मुद्दा बरोबर आहे. पण एका नकारानं आवृत्ती अडत नाही. पुढच्या खेपेला बघू.’

काकू! ह्यांना सख्खा-चुलत एकही भाऊ नव्हता. मी काकू कुणाची?

लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं.

“हं... हं... बरोबर आहे तुझं, आई.” मागे कीबोर्डची टकटक चालूच.

“काय म्हणाले मी?”

“...तू जेवतेस ना वेळेवर?”

हिचाही +१.

१४ मार्च

मुदत संपायला दोन तास. मुकादमानं स्वतःचा +१ टाकला. तीन झाले.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, हात वर केलास तर उत्तर माहीत असलं पाहिजे. नाहीतर तासभर बाकावर उभं! सगळ्यांना दिसेल असं विचारलं : ‘तुम्हा तिघांपैकी ही आवृत्ती चालवून कुणी पाहिली?’

उत्तर आलं का, दर पाच मिनिटांनी पाहतेय. जेवले नाही.

१५ मार्च

मुकादमाचं पत्र, फक्त मला.

‘प्रत कुणी कुणी उतरवली, याची सर्व्हरवरची नोंद तपासली. ही प्रत एकाच मशीनवर उतरली आहे — तुमच्या. मतदान रद्द केलंय, चूक आधी दुरुस्त करतो. मग मागच्या नऊ आवृत्त्यांच्या नोंदीही तपासल्या. मतदानाच्या दिवसांत दर वेळी एकच, काकू. तुम्हीच.’