वैजाजवळ कोण राहणार

सोनई, ४ ऑगस्ट २०२५

ती. सुरेखाताईस,
चेतनचा शि. सा. न. वि. वि.

वैजाला सांभाळायला येणाऱ्या प्रज्ञाला तू उद्यापासून येऊ नको म्हणालीस, त्या दिवशी माझं सगळं बदललं. तू राजूरला नर्स, आणि तिथे बसून इथलं घर चालवतेस. वैजाचं काय झालंय ते बघायला मात्र येत नाहीस. मोबाईल मी रागात आपटला, म्हणून कागद.

तू पाठवलेला बिभीषण म्हणे तयारीचा माणूस. तो वैजाच्या डोक्यावर बादली ओततो, तोंडात घास कोंबतो, मग खोलीला बाहेरून कडी घालून ओट्यावर पेपर वाचत बसतो. आपला भाऊ एकोणीस वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, वासरू नाही. प्रज्ञा मोरीबाहेर उभी राहून नुसतं सांगायची, आता पाणी, आता साबण, आणि तो आपला आपण न्हायचा. आई म्हणते, पोरगी बसून ऱ्हायची आन् लेकरालाच कामाला लावायची. तुलाही तेच पटलं. का ती घोडेगावच्या बौद्धवाड्यातली आणि माझा जीव तिच्यावर, हे जास्त खुपलं?

भाऊजींना नमस्कार. तुला वर लिहिला तो रिवाजापुरता.

चेतन


राजूर, ११ ऑगस्ट

चि. चेतनला,
अनेक आशीर्वाद. हेही रिवाजापुरतेच.

कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलंस, आता मोबाईल फोडलास. पुढे कोणाचं डोकं? आईशी बोलले. कडीचं खरं निघालं. बिभीषणला झापलंय, पण दुसरं कोणी मिळेपर्यंत तोच राहील. आईचे गुडघे गेलेत, तिला एकटीला वैजा आवरत नाही. तू घरात असून काय करायचास तेही तिने सांगितलं. प्रज्ञा यायच्या वेळेला दाढी करून, सेंट मारून समोर खुर्ची टाकायचास. गल्ली हसत होती.

आणि मी तिला काढलेलं नाही. तीच जाते म्हणाली. मी काढलं असं घरी सांगितलं, ते तिने विनवलं म्हणून. कारण तिलाच विचार. जातीचं माझ्या तोंडी घालू नकोस.

वेळेवर जेवत जा. माया आहे, पण सध्या दाखवणार नाही.

सुरेखा


घोडेगाव, १९ ऑगस्ट

चेतन यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र माझ्या वडिलांनी आधी वाचलं, मग माझ्या अंगावर टाकलं. वैजनाथविषयी त्यात दोन ओळी आहेत, बाकी सगळं माझ्या डोळ्यांविषयी.

वैजनाथला शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो. मी हात मागे बांधून थांबायचे. थांबणं हेच माझं काम होतं. तुम्हाला वाटायचं मी कंटाळले. तुम्ही उठून भराभर बटणं लावून द्यायचात आणि माझ्याकडे बघून हसायचात. पुढे तुम्ही दिसलात की तो हात सोडून नुसता उभा राहायला लागला. मग जेवणाचंही तेच झालं. तुम्हाला सांगितलं, तुम्ही लाजलात, दुसऱ्या दिवशी परत तेच. बिभीषण दांडगाईने करतो, तुम्ही लाडाने करायचात. वैजनाथचे हात दोघांनीही बंद पाडले.

तुम्ही त्या घरात नसाल तर मी येईन. ताईंना कळवलंय. उत्तर पाठवू नका.

प्रज्ञा


नागापूर, २७ ऑगस्ट

ती. ताईस,
न. वि. वि.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. प्रज्ञा माझ्यामुळे गेली, हे तू मला तोंडावर सांगायला पाहिजे होतंस. तिचाही राग आलाय, तो तिला कळवू नकोस.

बिभीषणला मी गचांडी धरून काढणार होतो, आईने मध्ये पडून चहा पाजून काढला. मग मी वैजाला ताट वाढलं. तो माझ्यासमोर तोंड उघडून बसला. मी हात पाठीमागे धरले. त्याने ओरडून ताट लोटलं, स्वतःच्या कानफटात मारून घेतली. आई मला कसाई म्हणाली. शेवटी भरवलं. प्रज्ञा समोर नव्हती, तरी मला थांबता आलं नाही, ताई.

म्हणून इथे एमआयडीसीत रंगनाथमामाच्या ओळखीने वर्कशॉपात लागलो. शिव्या घालायच्या तर त्याच्या पत्त्यावर घाल, पण लोभ तोडू नकोस.

सोमवारी सकाळी मी इकडे यायला निघत होतो, तेव्हाच प्रज्ञा आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणालो, ती थांबली की तू पण थांब. आई म्हणाली, बघू. प्रज्ञाने वैजापुढे दूध-भाकरीची वाटी ठेवली आणि बाजूला झाली. तो वळला, मला बघून तोंड उघडलं, आणि माझा हात वाटीकडे निघालाच होता. त्या हाताने पिशवी उचलली. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

चेतन