दोरी सैल आहे

९ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय चिमण्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. आपलं धुलाईचं दुकान चालू आहे, हॉटेलच्या चादरी वेळेवर पोचतात, आणि मांजर अजूनही नेमकं धुतलेल्या ढिगावरच झोपतं. तू कपडे सुकवायचं यंत्र आणूया म्हणालास आणि बाबांनी "फुकटचं ऊन असताना यंत्र कशाला?" म्हणून घर डोक्यावर घेतलं, तो विषय आता इथे कोणी काढत नाही.

बाबांना हल्ली दिसत नाही, उठवतही नाही. पण कपडे वाळत घालण्याआधी हवा ओळखायची सवय कुठे जाते? रोज सकाळी विचारतात, "मुंग्या काय म्हणतात?" मी अंगणात बघून यायची आणि सांगायची.

तू येतो म्हणून कळवलंस आणि आला नाहीस, तेव्हापासून मी खोटं सांगते. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढतायत. पाकोळ्या जमिनीलगत उडतायत. कोळ्यानं जाळं आवरलंय. "म्हणजे वादळ," ते म्हणतात. "बोट सुटायची नाही. तो तरी काय करणार बिचारा?" आणि दोन घास जास्त खातात. बाहेर ऊन असं की चादरी बघता बघता कडक होतात.

काल अंग पुसताना त्यांचा हात खाटेच्या कडेला दिसला. तिथे ती जुनी दोरी आहे ना, दोन खुरांमध्ये बांधलेली, उठण्याआधी ते चाचपून बघायचे ती. हवा दमट झाली की दोरी ताठ होते, हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. मी मेली सगळ्या किडामुंगीला पढवून बसले आणि दोरीलाच विसरले! दोरी पार सैल होती.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "पण तू छान सांगतेस गं. उद्याही वादळच सांग."

मी अंगणात गेले आणि चादरीत तोंड खुपसून रडले.

डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. आज बाबांनी काही विचारलंच नाही. मी आपणहून सांगितलं, पाकोळ्या खाली उतरल्यात म्हणून. त्यांचा हात दोरीवरच आहे.

मला राग आहे तुझा, पण तो नंतर बघू. हे पत्र आजच्याच बोटीनं येतंय. परतीच्या बोटीत जागा असते.

तुझी,
खोटारडी ताई