बबलूच्या दारावरून बाजा

८ नोव्हेंबर २००६, आर्णी
पुण्याहून टेम्पो आला. बबलूचे ड्रम आले, बबलू नाही. सोबत त्याच्या रॉक पार्टीतला सनी, केस पाठीपर्यंत. माझ्या बहिणीनं, शांतानं, लेकाचं सामान मागच्या खोलीत ठेवलं अन् कुलूप घातलं. "दादा, या घरात आता मले आवाज नको."
ठेवताना एका ड्रमला बोट लावून पाहिलं. पडदा प्लास्टिकचा. ना ऊन लागत, ना शेक. लग्नात वाजवणाऱ्या आमच्या बँडचा चामडी ढोल सकाळी उन्हात ठेवल्याशिवाय तोंड उघडत नाही.

९ नोव्हें.
सनीला चहा पाजून बोलता केला. बबलूचे एकेक पराक्रम! हात सोडून मोटारसायकल काय, स्टेजवरून उडी काय. एकदा वाजवता वाजवता स्वतःचीच काठी तोंडावर बसली, दात पडला. "मामा, त्यानं दात खिशात टाकला आणि गाणं पूर्ण केलं. नंतर आम्ही सगळे दात शोधतोय, तर निघाला माझ्या खिशात, त्यानं माझीच पँट घालून वाजवलेलं!"
पोट धरून हसलो.
दारू होतीच. शेवटच्या कार्यक्रमानंतरही पिऊन गाडी काढली, कोणाचं ऐकलं नाही, ट्रकखाली... तिशीसुद्धा नव्हती. कापसाच्या पऱ्हाटीचा जाळ. भडकन पेटला, भाकर भाजून होईस्तोवर टिकला नाही.
पण उजेड पडला होता, हे सनीच्या तोंडून कळलं.

१४ नोव्हें.
शांताकडे गेलतो. मीनाचं, बबलूच्या बहिणीचं, लग्न माघात. शांता म्हणते, चार माणसांत उरकू, बाजा नाही.
मीना : "भाऊ वाजवणार होता माह्या लग्नात. तो नाही त मामाची पार्टी वाजवन. बिनबाज्याची मी बोहल्यावर चढत नाही."
"नको चढू. बस घरी, लोणचं घालते तुह्यं."
दोघी मला म्हणतात, हिला समजवा. एकाच पिठाच्या दोन भाकरी, कोणती उलथवू?
शांता जेवत नाही धड. आवाजाची इतकी भीती की कुकरसुद्धा लावत नाही, मीना सांगत होती.

२० नोव्हें.
हंगामातली पहिली वरात. कापसाला भाव नाही, लग्नं आटोपशीर. अन् रस्त्यात बाजा थांबवायची दारंच फार. मयत झालेल्या घरापुढून वाजवत जायचं नाही, आपली रीत. पूर्वी एखादं दार असे, आता कर्जापायी जीव दिलेल्यांचीच कितीक. यंदा क्लॅरिनेट ओठाला लावतो न लावतो तोच खाली.
आठवलं : बबलू लहान, माझ्या पार्टीत नवा. अशाच एका दारापुढं सगळे थांबले, हा बोटांनी ड्रमच्या काठावर टिकटिक करत राहिला. पुढं गेल्यावर कान पिळला. तर म्हणतो कसा, "मामा, आपुन समदेच गप झालो त त्याईले वाटन, गावानं टाकलं आपल्याले."
कान सोडला नाही तरी. पण ते बोलणं डोक्यात बसलं ते बसलंच.

२७ नोव्हें.
आज वरात शांताच्या गल्लीतून. दुसऱ्या वाटेनं न्यावी असं मनात होतं. नाही नेली.
तिच्या दारापुढं हात खाली केला. बाजा बंद. नुसती जनरेटरची घरघर अन् चपलांचा आवाज. तेवढ्यात टक. परत टक, टक.
शांता दारात. हातात बबलूची काठी, चौकटीवर मारून राह्यली. ना ताल ना काही. नवरदेवाचा घोडाही थबकला. आमच्या ढोलवाल्या राजूनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं नुसत्या बोटांनी, काठावर, तिच्या टकटकीला धरून... गल्लीच्या वळणापर्यंत.
वळून पाहिलं तर दार लोटलेलं होतं.

२९ नोव्हें.
शांता डबा घेऊन आली. वांग्याची भाजी. तिनंही वरातीचं काढलं नाही, मीही लग्नाच्या बाज्याचं काढलं नाही. निघताना पायात चप्पल सरकवत म्हणे, "दादा, त्या ड्रमाले ऊन लागते काय? बंद खोलीत नरम पडत असन."
"पडते न वं," मी म्हटलं. "रोज सकाळी आंगणात काढत जाय."
प्लास्टिकला ऊन! पाप लागलं तर लागो.

३० नोव्हें.
मुद्दाम तिच्या घरावरून सायकल काढली. सगळे ड्रम आंगणात, उन्हात मांडलेले. मीना फडक्यानं पुसत होती. चुलीपासून शांता ओरडली, "जोरानं नको हात लावू, मीने!"
'नको' नाही, 'जोरानं नको' म्हणाली.
थांबलो नाही. घंटी तेवढी वाजवली.